आमच्यात असलं काही नाही

आमच्या घरात मुलगा-मुलगी भेद अज्जिबात नाही, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि सांगता सांगता तूप कढवल्यावरची बेरी साखर घालून माझ्या वाटीत काढते. नातीला उरली तर. मी बेचाळीस वर्षांचा आहे.

सगळं सुरळीत चाललेलं, पण आठवीतल्या लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. वेळेच्या वापराचं सरकारी सर्वेक्षण असतं म्हणे, २०२४ च्या आकड्यांनुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. (जे करतात त्यांचंच हं हे, न करणारे धरलेलेच नाहीत.) मी म्हटलं, "ह्या, ८८ तर मी सहज करतो." बायको काहीच बोलली नाही, नुसतं बघितलं. झालं, लेकीनं फ्रिजवर तक्ता चिकटवला, पाच जणांचे पाच रकाने.

पहिल्या दिवशी मावशी येणार नव्हत्या म्हणून मी भांडी घासायला उभा राहिलो, तर आई धावत आली आणि तिनं काय केलं, तर खिडकी लावली. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना आमचं सिंक दिसतं ना! "लोकांना वाटेल सुनेनं जुंपलाय." मग बंद खिडकीत, घामाघूम होत, मी नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीनं अगदी चकचकीत केला. चाळीस मिनिटं. बायकोनं तवा उजेडात धरून बघितला आणि परत ठेवला.

रविवारी पोहे. आता आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात डाळं, आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता आणि कढीपत्त्याचा म्हणून जो डबा आहे त्यात बटणं, मग माणूस विचारणारच ना की मोहरी कुठंय, पोहे आधी भिजवायचे का नंतर, किती भिजवायचे, हे एवढे का झाले, आणि आता काय करू? संध्याकाळी तक्त्यात बघतो तर, 'बाबा: पोहे, ५० मिनिटं. आई: बाबांना पोहे सांगणे, ५० मिनिटं. ओटा पुसणे, २०.'

मी म्हटलं, सांगणं हे काय काम आहे का?

"मग उद्या न विचारता कर," बायको म्हणाली. तो मुद्दा मी तिथंच सोडला.

आमच्या बाबांनी 'भाजी आणणे, ७० मिनिटं' लिहून घेतलं. मंडई दहा मिनिटांवर आहे, वाटेत कट्टा लागतो.

आईचा रकाना मात्र आठवडाभर कोराच. लेक मागे लागली तर मेथी निवडता निवडता म्हणते, "माझं कसलं काम गं, मी बसूनच तर असते." कोरा कागद वाया जाऊ देणाऱ्यातली ती नव्हे, त्यामुळे शनिवारी बघितलं तर तिच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: १४ ला दूध नाही. गॅसचा नंबर लावला. पिठाची गिरणी. मावशींचे दोन खाडे. आणि सगळ्यात खाली, तवा नवीन.