‘सरकारी बुलबुल’ या शेऱ्यावर

नमस्कार,

‘एक जुना वाचक’ अशी सही करून तुम्ही गेऑर्ग ओट्सवरच्या माझ्या लेखाखाली जे लिहिलंत, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा निम्मं पटलं. मग दोन दिवस तसंच ठेवलं, कारण चिडलेलं असताना उत्तर लिहायला बसले की मी समोरच्याने न म्हटलेल्या गोष्टीच खोडत बसते. हे उत्तर लांबणार आहे. तुमची प्रतिक्रिया तरी कुठे आखूड होती!

मूळ लेख ज्यांच्या वाचनात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ओट्स हा एस्टोनियाचा बॅरिटोन (मध्यम-खर्जाच्या आवाजाचा) गायक आणि नट. लेनफिल्म या सोव्हिएत स्टुडिओच्या ‘मिस्टर एक्स’ (१९५८) या चित्रपटामुळे तो सोव्हिएत संघात घरोघरी पोचला. तुमचं म्हणणं असं की मी त्याचं जन्मगाव चुकवलं, गायकाला उगाच नट केलं, मुखवट्याची उपमा नको तितकी ताणली. आणि तुमचा खरा राग पुढे आहे. सोव्हिएत संघ एस्टोनिया गिळत असताना हा माणूस लाल सैन्यात गेला, स्टालिन पारितोषिकं घेत राहिला, आणि मी मात्र त्याला ‘एस्टोनियाचा आवाज’ म्हणते. तुमच्या शब्दांत तो ‘सरकारी बुलबुल’.

जन्मगावाचं तुमचं बरोबर आहे. टालिन नव्हे, पेट्रोग्राड, २१ मार्च १९२०. वडील कार्ल ओट्स टालिनच्या ‘एस्टोनिया’ थिएटरात टेनर, म्हणजे उंच पट्टीचे गायक, होते, मुलगा तिथेच वाढला, म्हणून जन्मही तिथलाच असं मी गृहीत धरून मोकळी झाले. लेखात दुरुस्ती केली आहे.

नट म्हणावं की नाही, यावर मात्र मी हटणार नाही. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी माणसानं ‘गायक की नट’ असा प्रश्न टाकावा याची गंमत वाटली. आपल्याकडे ‘गायक नट’ हा एकच शब्द आहे आणि तो उच्चारताना कुणी मध्ये थांबत नाही. ओट्सनं ओनेगिन केला, रिगोलेट्टो केला, रुबिनस्टाईनच्या ऑपेरातला ‘डेमन’ केला. काबालेव्हस्कीच्या ऑपेरातल्या कोला ब्रून्योंच्या भूमिकेसाठी त्याला १९६८ साली राज्य पारितोषिक मिळालं. १९७१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ब्रॉडवेवर गाजलेल्या संगीतिकेतला डॉन किहोते टालिनच्या रंगमंचावर उभा केला. पण ही सगळी गाऊन केलेली कामं, असं तुम्ही म्हणाल. तर १९७० मध्ये एस्टोनियन टेलिव्हिजनसाठी ‘तीन प्लेगांच्या मध्ये’ असा एक चित्रपट झाला, पटकथा लेखक यान क्रॉसची. त्यात ओट्स बाल्थासार रुसोव झाला. रुसोव म्हणजे सोळाव्या शतकातला टालिनचा पाद्री आणि बखरकार. लिव्होनियन युद्धात रशियन, स्वीडिश आणि पोलिश सत्ता एकाच वेळी अंगावर येत असताना गावात राहून, डोळ्यांसमोर घडतंय ते लिहून ठेवणारा माणूस. क्रॉस स्वतः आठ वर्षं सोव्हिएत तुरुंगांत आणि छावण्यांत काढून १९५४ मध्ये परतलेला. त्याच्या लेखणीतला रुसोव साकारला तुमच्या ‘सरकारी बुलबुला’नं. हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं, राहिलं. त्या चुकीबद्दल तुम्ही मला पकडलं नाहीत, म्हणून मीच सांगते.

आता लाल सैन्य.

‘गेला’ या क्रियापदावर माझा आक्षेप आहे. १९४१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जर्मन फौजा एस्टोनियात घुसत होत्या, तेव्हा माघार घेणाऱ्या सोव्हिएत प्रशासनानं तीस हजारांहून जास्त एस्टोनियन पुरुषांना भरतीच्या नावाखाली उचलून रशियात नेलं. त्यातले बरेचजण लढायला नेलेच नव्हते, त्यांना जंगलतोडीच्या आणि बांधकामाच्या तुकड्यांत टाकलं. पहिल्याच हिवाळ्यात भुकेनं आणि थंडीनं हजारो गेले. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांना पुढे जर्मनांनी त्यांच्या सैन्यात ओढलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या गणवेशांत, असं त्या देशात ठिकठिकाणी घडलं. यात कोण कुठे ‘गेला’?

ओट्स तेव्हा एकवीस वर्षांचा. ऑगस्टमध्ये टालिनहून माणसं भरून निघालेल्या ‘सिबिर’ नावाच्या जहाजावर तो होता. फिनलंडच्या आखातात जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले आणि जहाज बुडालं. ओट्स वाचला. तो पोहण्यात एस्टोनियाचा विजेता होता, लांब अंतराचा पोहणारा. पुढे संगीतात जे झालं ते झालं, पण त्या दिवशी जीव वाचवला तो गळ्यानं नव्हे, दंडांनी आणि फुप्फुसांनी. (लांब श्वासाची त्याची ती प्रसिद्ध ओळ ऐकताना मला दर वेळी हेच आठवतं. शास्त्रीयदृष्ट्या याला काही अर्थ नसेल.) तिथून त्याची रवानगी रशियाच्या आतल्या भागात, आणि मग १९४२ पासून यारोस्लाव्हलमध्ये, जिथे विस्थापित एस्टोनियन कलाकारांची पथकं उभी राहत होती. तिथे समूहगान बांधणारा माणूस होता गुस्ताव एर्नेसाक्स. ओट्सचं गाणं खऱ्या अर्थानं तिथे सुरू झालं.

एर्नेसाक्सचं नाव मुद्दाम काढलं. यारोस्लाव्हलच्या त्या दिवसांच्या आसपासच, १९४४ मध्ये, त्यानं लिडिया कोइदुलाच्या जुन्या कवितेला नवी चाल दिली. ‘माझी मायभूमी हेच माझं प्रेम’ अशा अर्थाची ती कविता. १९४७ च्या गानोत्सवात, म्हणजे देशभरची समूहगान पथकं जमतात त्या उत्सवात, ते गाणं झालं, मग कार्यक्रमातून गायब केलं गेलं. १९६० साली गानोत्सवात हजारो लोकांनी ते आपणहून सुरू केलं आणि मग ते थांबवणं कुणाला जमलं नाही. आज त्याला देशाचं दुसरं राष्ट्रगीत मानतात. आणि एस्टोनियन सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या सरकारी राष्ट्रगीताची चाल कुणाची? त्याच एर्नेसाक्सची. वर्षांचं अंतरही फारसं नाही. स्टालिन पारितोषिकं त्यालाही मिळाली. तुमच्या हिशेबात त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मला खरंच विचारायचं आहे. हा टोमणा नाही.

पारितोषिकांबद्दल तुम्ही माझी अर्ध्या वाक्याची चतुराई पकडलीत. ‘पुढे त्याला मानसन्मानही मिळाले’ असं मी लिहून पुढे सटकले होते. ते नीट असं लिहायला हवं: मार्च १९४९ मध्ये चार दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसं एस्टोनियातून मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरियाला धाडली गेली, त्यात बहुतांश बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. १९५० च्या सुरुवातीला त्याच वर्षीच्या गानोत्सवाची धुरा ज्यांच्यावर होती ते तूदुर वेत्तिक, रिहो पॅट्स आणि आल्फ्रेड कारिंदी हे तिघे संगीतकार अटकेत गेले. आणि त्याच १९५० मध्ये तीस वर्षांच्या ओट्सला स्टालिन पारितोषिक मिळालं. १९५२ मध्ये दुसरं. १९६० मध्ये ‘सोव्हिएत संघाचा लोककलाकार’ हा सर्वोच्च किताब. ही वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली की पोटात कालवतं, कालवायलाच हवं. मी ती शेजारी ठेवली नव्हती.

पण ठेवल्यावर ती काय सांगतात? त्यानं ती घेतली, एवढं सांगतात. तो बंडखोर नव्हता. सरकारी समारंभांत गायला, हातात पुष्पगुच्छ घेऊन फोटो काढून घेतले. यातलं काही लपवायचं कारण नाही.

आणि इथेच मुखवट्याचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतं, तेही तुम्ही दिलंत त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. ‘मिस्टर एक्स’ हा संगीतकार कालमानच्या १९२६ च्या ‘सर्कस प्रिन्सेस’ या ऑपेरेटावरून, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेवरून, केलेला चित्रपट. नायक सर्कशीत जीवघेणी कसरत करतो, तोंडावर काळा अर्धा मुखवटा. ओठ आणि हनुवटी तेवढी उघडी. त्या पेहरावात ओट्स ती संथ आरिया (एकट्यानं गायचं पद) गातो, तेव्हा मुखवट्याआडून जगणं हेच आपलं प्राक्तन असं तो नायक म्हणत असतो. मला ते आयतं सापडलं! सोव्हिएत गणवेशाआडचा एस्टोनियन, मुखवट्याआडचा खरा चेहरा वगैरे. तुम्ही म्हणालात, स्वस्त उपमा. मी म्हणते, स्वस्तच नाही, खोटी. कारण तिच्यात मी गृहीत धरलं की आत एक खरा, देशभक्त चेहरा होता आणि तो मला दिसला. तुम्हीही तेच करता, फक्त तुम्हाला आत लाचार चेहरा दिसतो. दोघंही मुखवटा काढायला बसलोय, आणि माणूस १९७५ मध्ये मेंदूच्या गाठीनं गेला, पंचावन्नाव्या वर्षी.

मग उरतं काय, तर त्यानं गळा कुठे आणि कोणत्या भाषेत खर्ची घातला, ते. १९४४ मध्ये तो ‘एस्टोनिया’ थिएटरच्या समूहगानात लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात त्या इमारतीची राख झाली होती. ती पुन्हा उभी राहिली १९४७ मध्ये. १९५१ मध्ये तो टालिनच्या संगीत महाविद्यालयातून तीट कूसिककडे शिकून बाहेर पडला. कूसिक स्वतः नावाजलेला बॅरिटोन, त्याच थिएटरातला, म्हणजे गुरू-शिष्य एकाच रंगमंचावर. आणि मरेपर्यंत ओट्स त्याच थिएटरचा राहिला. एकतीस वर्षं. संघभर ज्याचे चाहते होते, त्यानं मुक्काम हलवला नाही, आणि घरच्या रंगमंचावर ओनेगिनपासून किहोतेपर्यंत सगळे एस्टोनियन बोलले. दहा-बारा लाख लोकांची ती भाषा. पुण्याच्या एका बाजूला मावेल एवढी माणसं. तेवढ्यांसाठी आख्खा ऑपेरा त्यांच्या भाषेत उभा करायचा, आणि पहिल्या फळीच्या गायकानं तो गायचा, ही गोष्ट मला पारितोषिकांच्या यादीपेक्षा मोठी वाटते. तुम्हाला वाटायलाच हवी असं नाही.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते तुमच्या आणि माझ्या, दोघांच्याही सोयीचं नाही. त्याचं सगळ्यात लाडकं गाणं ‘सारेमाचा वॉल्ट्झ’. चाल रायमोंड वाल्ग्रेची, शब्द डेबोरा वारांदीचे. सारेमा बेटावरची जून महिन्यातली उजळ रात्र, कुरण, सोनेरी केसांची मुलगी. यापेक्षा एस्टोनियन काही असू शकत नाही असं कुणीही म्हणेल. ते शब्द मुळात ज्या कवितेतून आले तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘ल्योनेच्या दलदलीतली इरजीक’. होय, इरजीकच. सगळ्या गावानं मिळून दलदल उपसायची, आणि काळ १९४९ चा, सामूहिक शेती लादली जात असतानाचा. म्हणजे शब्द आले सोव्हिएत जमान्याच्या कवितेतून, चाल आली ज्याच्या संगीतावर अधिकाऱ्यांची खप्पामर्जी होती त्या वाल्ग्रेकडून, आणि गाणं झालं लोकांचं. यातला सरकारी भाग कोणता आणि आपला कोणता, हे कात्रीनं कापून दाखवा बरं.

तुमचा शेवटचा प्रश्न, ‘एवढ्या लांबच्या माणसाचं तुम्हाला काय पडलंय?’ लांबचा तुमच्यासाठी. मी फिनलंडमध्ये, एस्पोला राहते. हेलसिंकीच्या धक्क्यावरून बोट पकडली की दोन-अडीच तासांत टालिन. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक फिनिश आजी आहेत, ऐंशी पार केलेल्या. कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत त्या चादरींच्या घड्या घालताना नेहमी एकच वॉल्ट्झ गुणगुणतात. चादरीचं एक टोक माझ्या हातात देतात आणि ठेक्यावर तीन पावलं पुढे येतात. शेवटी एकदा विचारलं, हे कोणाचं? म्हणाल्या, ओट्सचं. मग गाण्यांची नावं घेतली: सारेमाचा वॉल्ट्झ, आणि ‘जीवना, मी तुझ्यावर प्रेम करतो’ या रशियन गाण्याचं त्याच्या आवाजातलं फिनिश रूप. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते गाणं इथल्या रेडिओवर सतत वाजायचं. तो सोव्हिएत होता याचं तुम्हाला काही वाटायचं नाही का, असंही मी विचारलं. आजींचा भाऊ युद्धात गेलेला, तेव्हा प्रश्न जरा जपूनच विचारला. त्यांनी चादर झटकली आणि म्हणाल्या, “तो फिनिश चांगलं गायचा.” एवढंच.

जाता जाता एक तपशील, जो मूळ लेखात बसला नव्हता. ओट्स गेल्यावर पोलंडमध्ये बांधलेल्या एका प्रवासी जहाजाला त्याचं नाव दिलं गेलं, आणि १९८० पासून ते टालिन-हेलसिंकी मार्गावर धावू लागलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह रेक्याविकला भेटले, तेव्हा सोव्हिएत शिष्टमंडळाला राहायला हेच जहाज बंदरात उभं केलं होतं. गोर्बाचेव्ह झोपले ‘गेऑर्ग ओट्स’मध्ये. ज्या आखातात त्याचं जहाज बुडालं, त्याच आखातात वर्षानुवर्षं त्याच्या नावाचं जहाज येरझारा घालत राहिलं. यावर उपमा सुचत आहेत, पण तुमच्या धाकानं लिहीत नाही.

लेखात काय बदललं ते सांगते. जन्मगाव दुरुस्त. १९४९-५० चा परिच्छेद नव्यानं घातला. क्रॉस आणि रुसोव यांची भर घातली. ‘एस्टोनियाचा आवाज’ हे शीर्षक बदललेलं नाही. मुखवट्याचा परिच्छेद काढून टाकणार होते, पण ठेवला, खोडलेल्या अक्षरांत, म्हणजे तुम्ही कशावर भांडत होतात ते पुढच्या वाचकाला कळेल. आणि २००७ साली पेटर सिम्मनं ओट्सच्या आयुष्यावर ‘गेऑर्ग’ नावाचा चित्रपट काढला, त्यात मार्को मातवेरे हा आजचा एस्टोनियन नट-गायक ओट्स झाला आहे. तो मिळाला तर बघा आणि कळवा. तुमची प्रतिक्रिया पुन्हा इतकीच लांब असली तरी चालेल, फक्त या वेळी सही नावानं करा.