खुलासा : शाळेतल्या गोळीबाराचं खापर व्हिडिओ गेमवर

‘अमेरिकेत शाळांत गोळीबार होतात ते व्हिडिओ गेममुळे, आणि तिथली मुलं वर्षागणिक जास्त हिंसक होत चालली आहेत’ असा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही विधानं पुराव्यावर टिकत नाहीत.

१९९९ मध्ये कोलंबाइन या अमेरिकी शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी यंत्रणा) आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० मधले शाळांतले ३७ हल्ले तपासले. ४१ हल्लेखोरांपैकी हिंसक गेमची आवड दिसली ती जेमतेम आठांतल्या एकात. उलट दोन-तृतीयांश जणांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातूनच मिळवली होती. बहुतेकांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. मला सर्वांत अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट : पाचांपैकी चार घटनांत बेत कुणाला तरी आधी ठाऊक होता. मित्राला, वर्गातल्या मुलाला, भावंडाला. मोठ्यांच्या कानावर तो क्वचितच गेला.

राहिलं दुसरं विधान. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना होणाऱ्या अटका १९९४ मध्ये शिखरावर होत्या. २०१९ पर्यंत त्या निम्म्याहूनही खाली आल्या. गेमचा खप याच काळात वाढत गेला. शाळांतले गोळीबार अलीकडे वाढलेत, हे खरं. पण तसलेच गेम जपानमधली मुलंही खेळतात, आणि तिथे घरात बंदूक क्वचितच सापडते.