इन्टेक बदलला की ईसीयू सगळं सांभाळून घेतो?
‘मोठा एअर इन्टेक लावा, ट्यूनिंग नको, ईसीयू आपोआप जुळवून घेतो,’ असा दावा फिरतोय. (एअर इन्टेक म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप आणि फिल्टर, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, आणि ट्यूनिंग म्हणजे त्याची सेटिंग्ज बदलणं.) तो अर्धाच खरा आहे. सावकाश चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बघून ईसीयू इंधन कमी-जास्त करतो. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्यांत ही दुरुस्ती थांबते. आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मूळ पाइपच्या व्यासाला जुळवलेला असतो. तोच रुंद पाइपात बसवला, तर त्याच्या हवा मोजणाऱ्या तारेवरून हवा मंद जाते, तो ती कमी मोजतो आणि इंधन तोकडं पडतं. नेमकं तेव्हा, जेव्हा पेट्रोल इंजिनला हवा-पेट्रोलच्या १४.७:१ या प्रमाणापेक्षा दाट, म्हणजे जास्त इंधनाचं, मिश्रण हवं असतं. मग नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित स्फोट, आणि पिस्टनवर संक्रांत. सेन्सरची जागा मूळ मापाची ठेवणाऱ्या किटमध्ये हा धोका बराच कमी. आणि बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर? त्याने वाढतो तो मुख्यतः आवाज.