कॉन्फिगरेशनचे वार्षिक श्राद्ध

दरवर्षी मार्च संपायच्या आत साठवण यंत्रणेच्या सेटिंग्जचा आढावा घ्यावा, असा आमच्या संस्थेत नियम आहे. यंत्रणा म्हणजे पुढे डिस्कची कपाटे आणि मागे टेप लायब्ररी, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय टेपांचे कपाट. घरात रोजचे डबे ओट्यावर आणि दिवाळीची पातेली माळ्यावर असतात, तशीच ही व्यवस्था. फरक एवढाच की इथे माळ्यावर चढायला रोबो आहे आणि तो ‘आत्ताच कशाला हवंय?’ असे विचारत नाही. कोणती वस्तू केव्हा वर टाकायची आणि केव्हा खाली काढायची, हे त्याला एका फाइलमधून सांगावे लागते. त्या फाइलच्या ३१२ ओळींपैकी बहुतेक ओळी आता निवृत्त झालेल्या मंडळींनी लिहिलेल्या असल्यामुळे या आढाव्याला मी मनातल्या मनात वार्षिक श्राद्ध म्हणतो. पूर्वजांची नावे घ्यायची, हात जोडायचे आणि कशालाही धक्का न लावता उठायचे.

यंदा विभागप्रमुख मॅडम, मी आणि नुकताच रुजू झालेला एक मुलगा, असे तिघे बसलो. पहिल्याच पानावर ‘हाय वॉटर मार्क’ ९० आणि ‘लो वॉटर मार्क’ ७५ टक्के असे होते. डिस्क नव्वद टक्के भरली की टेपवर प्रत गेलेल्या जुन्या फायली डिस्कवरून काढायला लागायचे आणि पंच्याहत्तरवर येऊन थांबायचे, असा त्याचा अर्थ.

“पंच्याहत्तरच का, सर?” मुलाने विचारले.

“पूर्वीपासून आहे,” मी म्हणालो. आमच्याकडे या उत्तरानंतर पान उलटतात.

पुढे टेपच्या क्षमतेपाशी कोणीतरी ४५ टेराबाइट लिहून ठेवले होते. एलटीओ-९ टेपच्या (एलटीओ ही टेपची जात, नऊ ही तिची पिढी) वेष्टनावर हा आकडा ठळक छापलेला असतो हे खरे, पण तो डेटा अडीचपट आवळला जाईल या आशेवर बेतलेला आहे. टेपची स्वतःची क्षमता १८ टेराबाइटच. आमचा डेटा तर आधीच आवळून आलेला असतो, म्हणजे पिळून काढलेला पंचा पुन्हा पिळायला घ्यावा तशी गत. आकडा मुकाट्याने १८ केला आणि कागदोपत्री आमची लायब्ररी क्षणात निम्म्याहून लहान झाली. मॅडमनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

खरी शरमेची गोष्ट मात्र १४७व्या ओळीवर दबा धरून बसली होती: ‘टेप १२०० सेकंदांत तयार न झाल्यास सदोष समजावी.’ ही ओळ एलटीओ-६च्या काळातली, आणि त्या टेपांसाठी वीस मिनिटे म्हणजे चैन होती. एलटीओ-९ची कोरी टेप मात्र पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये घातली की आयुष्यात एकदाच स्वतःची मापे जुळवून घेते, आणि त्याला सरासरी चाळीस मिनिटे, कधी दोन तासही लागतात. नवी नवरी उंबरठ्यावरचे माप ओलांडते आहे तोवरच आम्ही तिला माहेरी पाठवत होतो. अशा आठ टेपा आम्ही सदोष ठरवल्या होत्या. पुरवठादाराने त्या निमूटपणे बदलून दिल्या, बदललेल्याही सदोष निघाल्या, आणि ‘आपल्या मालाच्या दर्जाबद्दल आम्हांस तीव्र खेद वाटतो’ असे पत्र मी स्वतःच्या सहीने पाठवले होते. मुलाने १२०० खोडून ९००० केले. पत्राची फाइल कुठे आहे असे मॅडमनी विचारले, तेव्हा ती बहुधा टेपवर गेली असावी, असे मी सांगितले.

शेवटची लक्षणीय ओळ ‘रिकॉल’ची, म्हणजे टेपवरची फाइल परत डिस्कवर आणण्याची होती. मागणी आल्यावर टेप काढण्यापूर्वी किती थांबायचे? शून्य सेकंद. त्यामुळे कोणी एकदम तीन हजार फायली मागितल्या की, यंत्रणा त्या आल्या क्रमाने शोधायला निघे. एका टेपची लांबी १०३५ मीटर. तिच्या या टोकाची एक फाइल, मग त्या टोकाची, असे हेलपाटे दिवसभर चालत. दहा मिनिटे थांबून मागण्या गोळा कराव्यात आणि टेपवरच्या जागेनुसार लावून एका फेरीत उरकाव्यात, हे आम्हां तिघांनाही पटले. शून्याचे ६०० झाले.

तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा फोन आला. “अहो, माझी एक फाइल यायला बारा मिनिटं? पूर्वी तीन मिनिटांत यायची.” मी रांगेचे महत्त्व समजावले. “ज्यांना हजारो हव्यात त्यांना उभं करा की रांगेत. मला एकच हवी असते.” त्यानंतर त्यांनी फोन मॅडमना लावला.

संध्याकाळी त्यांच्या एकट्याच्या खात्यासाठी शून्य सेकंदांची वेगळी ओळ घालायचे ठरले. मुलाने ३१३वी ओळ टंकली आणि थांबला.

“मॅडम, पुढे कारण काय लिहू?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. “लिही, पूर्वीपासून आहे.”