डेझर्ट ईगलबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

डेझर्ट ईगल या पिस्तुलाबद्दल एक मजकूर मराठी गटांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. सोबत कधी सोनेरी मुलाम्याच्या पिस्तुलाचा फोटो असतो, कधी मोबाइल गेममधलं चित्र. मजकुराचा मथितार्थ असा: हे इस्रायली सैन्याचं पिस्तूल आहे, जगातलं सर्वांत ताकदवान आहे, झाडताना मनगट मोडतं, सारखं अडकतं, म्हणून शिकारीला कुचकामी आणि नुसतं दाखवायला ठेवण्याजोगं आहे, आणि ते नीट चालवायचं तर घरी जास्त दारू ठासून काडतुसं भरावी लागतात. मी अमेरिकेत राहतो, हे पिस्तूल .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसासाठीच्या आवृत्तीत वापरतो आणि त्याची काडतुसं स्वतः भरतो. शेवटचा सल्ला वाचून कुणी खरंच तसं करून बसेल, या काळजीपोटी हे लिहितो आहे. बाकीच्या चुकांनी कुणाचं फारसं बिघडत नाही. या एका चुकीनं बोटं आणि डोळे जाऊ शकतात.

आधी सैन्याचं बघू. कल्पना मिनेसोटातल्या मॅग्नम रिसर्च या कंपनीची. कंपनी १९७९ मध्ये सुरू झाली आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाच्या पेटंटसाठी तिच्या बर्नार्ड व्हाइट यांनी १९८३ मध्ये अर्ज केला. रचना पक्की करण्याचं आणि उत्पादनाचं काम इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजकडे गेलं, म्हणून पिस्तुलावर इस्रायलचं नाव आलं. नव्वदच्या दशकात काही वर्षं ते मेन राज्यातल्या साको गावी बनलं, मग पुन्हा इस्रायलला गेलं, आणि २००९ मध्ये उत्पादन मिनेसोटातल्या पिलेजर इथे आलं. इस्रायली सैन्यानं हे आपलं नेहमीचं पिस्तूल म्हणून कधीच स्वीकारलं नाही. रिकामं असतानाच वजन सुमारे दोन किलो, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, .४४ ची ८ किंवा त्याहून मोठी .५० ची ७ काडतुसं. दिवसभर कमरेला लावून हिंडणाऱ्या सैनिकाला त्याचा काय उपयोग?

"जगातलं सर्वांत ताकदवान" हेही खरं नाही. .५० ॲक्शन एक्स्प्रेस हे त्याचं सर्वांत मोठं काडतूस १९८८ मध्ये ॲक्शन आर्म्सच्या इव्हान व्हिल्डिन यांनी तयार केलं. ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी त्यातून साधारण १,४०० ते १,५०० फूट-पौंड ऊर्जा घेऊन निघते. .४५४ कासुल रिव्हॉल्व्हर त्याच्या पुढे आहे, आणि २००३ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नम तर २,५०० च्याही वर जातं. मॅगझिनवाल्या पिस्तुलांत डेझर्ट ईगल वरच्या रांगेत आहे, एवढंच म्हणता येईल.

मनगटाच्या दाव्याला हिशेबानंच उत्तर देता येतं. एकच काडतूस दोन वेगळ्या वजनांच्या शस्त्रांतून झाडलं तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. .४४ मॅग्नमची बरीच शिकारी रिव्हॉल्व्हर सव्वा ते दीड किलोची असतात. तेच काडतूस दोन किलोच्या डेझर्ट ईगलमधून झाडलं तर हाताला बसणारा धक्का ढोबळमानानं एक तृतीयांशानं कमी होतो. शिवाय स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे जाण्यात काही क्षण जातात, म्हणून तो हातोड्यासारखा एकदम न बसता ढकलल्यासारखा जाणवतो. .५० चा धक्का मोठा आहे, हे मान्य. ज्यानं आयुष्यात कधी काही झाडलेलं नाही त्याच्या हाती पहिल्यांदा तेच देणं हा देणाऱ्याचा गुन्हा आहे. असे प्रसंग चित्रित करून पसरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. भरलेलं पिस्तूल उसळून नवख्याच्या कपाळाकडे वळतं आणि बघणारे हसत असतात.

आता अडकण्याबद्दल. इथे मजकूर लिहिणाऱ्यानं काहीतरी पाहिलेलं असावं, कारण हे पिस्तूल चुकीच्या हाती खरोखर अडकतं. कारण त्याच्या यंत्रणेत आहे. बहुतेक लष्करी पिस्तुलांत नळी आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे सरकतात आणि मग सुटतात. .४४ मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसासाठी इथे रायफलची पद्धत घेतली आहे. नळी जागची हलत नाही. काडतूस बसतं त्या कप्प्याच्या जरा पुढे नळीला बारीक छिद्र आहे. त्यातून जळलेल्या दारूचा वायू नळीखालच्या वाटेनं तोंडाजवळच्या पिस्टनपर्यंत जातो, पिस्टन स्लाइडला मागे ढकलतो, आणि कप्पा मागून बंद करणारा फिरता बोल्ट आपले दात सोडवून उघडतो. म्हणजे या पिस्तुलाला पुरेसा आणि स्वच्छ वायू लागतो. तो मिळाला नाही तर ते थांबणारच.

मग न अडकण्यासाठी काय लागतं? पहिली गोष्ट म्हणजे तांब्याचं जाड आवरण असलेली गोळी. उघड्या शिशाची गोळी वापरू नका असं निर्मात्याची पुस्तिका स्पष्ट सांगते, कारण शिशाचा चुरा ते बारीक छिद्र बुजवतो आणि एकदा बुजलं की साफ करणं जिकिरीचं असतं. तांब्याचा नुसता पातळ मुलामा असलेल्या गोळीवरही मी विसंबणार नाही. दुसरी गोष्ट, काडतूस पूर्ण ताकदीचं हवं. .४४ स्पेशल हे मवाळ काडतूस मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये आरामात चालतं, पण इथे ते स्लाइड हलवू शकत नाही. तिसरी गोष्ट पकड. मॅगझिन आपल्या जागी थोडं खालीवर खेळतं आणि तसंच खेळायला हवं. आधाराचा तळवा बशीसारखा मॅगझिनखाली धरला की ते वर ढकललं जातं आणि काडतूस चुकीच्या कोनात कप्प्याकडे जातं. अडकण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याचशा हात तिथून काढून मुठीभोवती घेतला की मिटतात. मनगट मात्र ताठ हवं.

ट्यूनिंगच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांवर पैसे घालवण्याआधी एवढं करून बघा. वायूची वाट आणि पिस्टन साफ ठेवा, तेल द्या, नळीखालच्या रिकॉइल (धक्का झेलणाऱ्या) स्प्रिंगा थकल्या की बदला. चाप हलका करण्याचं काम ज्याला ते येतं त्या गनस्मिथकडूनच करून घ्या. बस.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो मुद्दा. काडतुसं घरी भरण्याचा हेतू जास्त दारू ठासणं हा नसतो. कारखान्यात बनलेल्या .५० च्या एका काडतुसाला दोन-तीन डॉलर पडतात, सरावाला ते परवडत नाही, आणि दुकानात हवी ती गोळी मिळेलच असं नाही. स्वतः भरलं की खर्च उतरतो आणि आपल्या नळीला मानवणारं, प्रत्येक वेळी एकसारखं काडतूस मिळतं. एकसारखेपणा हीच खरी कमाई. .४४ मॅग्नमसाठी अमेरिकेत ठरलेली दाबाची कमाल मर्यादा ३६,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. ती ओलांडून हाताला लागतो तो काडतुसाचा फुगलेला पितळी केस (कवच), झिजलेला बोल्ट, आणि वाईटात वाईट म्हणजे फुटलेलं पिस्तूल.

लोक दुसऱ्या टोकालाही चुकतात. हॉजडन कंपनीची एच-११० ही मॅग्नम काडतुसांसाठीची सावकाश जळणारी पावडर, म्हणजे दारू. ती भरपूर वायू देते, म्हणून या पिस्तुलाला मानवते. पण छापील मापापेक्षा ती फार कमी करू नये असं कंपनीच बजावते, कारण कमी भरलेली एच-११० नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. पुढची गोळी तिच्यावर आदळली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून मापं या लेखात देत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या पोस्टवरूनही घेऊ नका. ती पावडरच्या किंवा गोळीच्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यायची, तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून, आणि प्रत्येक बदल वेगळा तपासून.

क्रिम्पबद्दल, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळण्याबद्दल, तर मजकुरात एक शब्द नाही, आणि नवख्यांची चूक इथेच होते. .४४ मॅग्नम कप्प्यात आपल्या बुडाच्या कडेवर टेकतं, म्हणून त्याच्या केसचं तोंड गोळीच्या खाचेत आत वळवता येतं, आणि वळवावंही. .५० केसच्या तोंडावर टेकतं. त्याचं तोंड तसंच वळवलं तर काडतूस कप्प्यात हवं त्याहून खोल जाऊ शकतं. तिथे तोंड हलकेच निमुळतं करायचं आणि केसची लांबी मोजत राहायची. दोन्हींसाठी बोल्ट एकच चालतो, नळी आणि मॅगझिन बदललं की झालं. त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही काडतुसं भरणारे बरेच, आणि डाय (काडतूस भरण्याच्या यंत्रातला साचा) बदलली तरी क्रिम्पची सवय बदलायची राहून जाते.

शिकारीला कुचकामी? मुळात त्याचा खरा उपयोग तोच. नळी स्थिर असल्यानं दुर्बीण थेट नळीवर बसते, स्लाइडबरोबर आपटत नाही. सहा इंचांबरोबर दहा इंचांची नळीही मिळते, ती पाकिटमारापासून बचावासाठी नाही. .४४ मॅग्नम १९५० च्या दशकात आलं ते एल्मर कीथसारख्या शिकाऱ्यांच्या आग्रहातून, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला किंवा रानडुकराला ते पुरून उरतं. अट अंतराची. आधार घेऊन पन्नास-पाऊणशे यार्डांत जिथे हवी तिथे गोळी बसत नसेल, तर त्या अंतरावरून जनावरावर झाडू नये. जखमी होऊन पळालेलं हरीण दिवसभर तडफडतं, आणि तो दोष पिस्तुलाचा नसतो.

कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण मजकूर पुढे ढकलणारे निम्मे पुण्या-नागपुरात आणि निम्मे न्यू जर्सी-टेक्ससात असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवायला परवाना लागतो. हा छंद तिथे करण्याचा नाहीच. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. शिकारीचे नियम राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांच्या शिकारीला अर्धस्वयंचलित पिस्तूल चालत नाही, म्हणजे तिथे डेझर्ट ईगल घेऊन हरणामागे जाताच येणार नाही. आणि एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींनी हे नीट वाचावं: अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, मग पिस्तूल कपाटात नुसतं पडून का असेना.