कवळी, मंजन आणि चकाकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की ‘कवळीला मंजन लावू नका’ हे शहरातलं फॅड आहे, बाबांची कवळी रोज मंजनाने घासूनच चकाकते, आणि मला कवळी साफ करायच्या गोळ्या खपवायच्या आहेत. गोळ्या नाही घेतल्या तरी चालतं. त्यावर वाद नको.

चकाकीवर मात्र आहे. कवळीचं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक, खऱ्या दाताच्या आवरणापेक्षा फार मऊ. मंजन, राखुंडी, इतकंच काय टूथपेस्टनेही त्याला ओरखडे पडतात. खडबडीतपणा सरासरी ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त धरतो, आणि एवढा बारीक ओरखडा डोळ्याला दिसत नाही. शिवाय चकाकते ती बाहेरची बाजू. टाळूला बसणारी बाजू नीट बसावी म्हणून पॉलिशच करत नाहीत. बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, तिथेच घर करते. बाबांची कवळी काढून उजेडात टाळू बघा. कवळीच्याच आकाराचा लाल पट्टा असेल, तर नुसत्या सफाईने भागणार नाही, दाताच्या डॉक्टरला दाखवा.

घासायला मऊ ब्रश आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. भांड्यांची वडी नको, तिच्यात घासणारी भुकटी असते. आतली बाजू आधी घासा. खाली पाण्याचं पातेलं ठेवा, कारण कवळी हातातून निसटून फुटू शकते. आठवड्यातून एकदा कपड्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली ब्लीच, १८० मिली पाणी. १० मिनिटं, त्याहून जास्त नाही, रंग उडतो. मग भरपूर पाण्याने धुवा. तारेची किंवा धातूची कवळी असेल तर ब्लीच अजिबात नको, धातू गंजतो. उकळतं पाणी कोणत्याच कवळीला नको. वाकडी झालेली कवळी पुन्हा बसत नाही.

बाबा ठेवतात तशी कवळी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्याने चिकटलेला थर सुटत नाही. तो घासूनच निघतो. रात्री कवळी काढायची, हे बाबांचं बरोबर आहे. फक्त ती साध्या पाण्यात बुडालेली असावी.

तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले, जिथलं पाणी खारं असतं. बाबांच्या कवळीवरचा, ब्रशने न जाणारा जो पांढरा थर तुम्ही लिहिलात, तो क्षारांचा असणार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, अर्धा तास, मग ब्रश. ब्लेडने खरवडू नका. व्हिनेगर आणि ब्लीच एका भांड्यात कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो.