डाव्या डोळ्याची आखणी

श्रावणात आमच्या बेळगावच्या शहापुरात रात्री उशिरापर्यंत दोनच दिवे जळतात. एक कोपऱ्यावरच्या मूर्तिकार मामांच्या शेडमध्ये, दुसरा माझ्या खोलीत. मामा गणपती रंगवतात. मी शिपाई रंगवतो, अंगठ्याच्या पेराएवढे.

टेबलावर लढाई खेळायची म्हणून प्लास्टिकचे चाळीस शिपाई घेतले होते. माप 28 मिलिमीटर, आणि तेही पुष्कळदा तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतात. ज्यानं कुणी हे ठरवलं, त्याला माणूस डोळ्यापाशीच अडकणार हे पक्कं ठाऊक असणार. तीन वर्षांत नऊ जण रंगवून झाले. लढाई एकही झालेली नाही.

आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. फवाऱ्याच्या डब्यावर लिहिलेलं, कोरड्या हवेत मारा. बेळगावात जून ते सप्टेंबर कोरडी हवा फक्त पापडाच्या डब्यात सापडते. एकदा पाऊस दहा मिनिटं उघडला म्हणून गच्चीवर धावलो, भराभर फवारा मारला, तर सगळ्या पलटणीच्या अंगावर पिठूळ खरखरीत थर. आई म्हणाली, "बुरशी आलीय रे, टाकून दे." तेव्हापासून प्रायमरही ब्रशनंच लावतो.

कपडे, पट्टे, बूट हे होऊन जातं. रंगात पाणी घालायचं, दुधाइतका पातळ करायचा, एका जाड कोटाऐवजी दोन पातळ द्यायचे. पण डोळा! अर्ध्या मिलिमीटरची ती फट. आधी तिच्यात गडद तपकिरी भरायचा. त्यावर पांढरा, तोही शुभ्र नाही, मळकट. शुभ्र दिला की शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. मग बुबुळ. ते ठिपक्यानं काढलं आणि चहूकडून पांढरं दिसलं, की डोळे वटारलेच. म्हणून वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढायची.

नवशिका असताना त्यासाठी तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश आणला. त्याच्या टोकावरचा रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आतच वाळतो. त्यापेक्षा टोक शाबूत असलेला, जरा जाड असा एक नंबरचा ब्रश बरा. टोक जुळवायला मी तो ओठांत धरतो, आणि नेमकं तेव्हाच आईला खोलीत काहीतरी शोधायचं असतं. "कसले केस आहेत कोण जाणे, आणि तोंडात घालतोस!" मुंगसाच्या केसांच्या ब्रशांना 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, माझा ब्रश नायलॉनचा आहे, हे मी तिला सांगून बसलो. चुकलंच. आता ती प्लास्टिक खातोस म्हणते.

परवा रात्री उजवा डोळा एका फटक्यात जमला. औषधाच्या बाटलीच्या टोपणावर शिपाई चिकटवलेला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली, श्वास रोखलेला. डाव्या डोळ्याला ब्रश टेकला आणि बाहेरून बायको म्हणाली, "अहो, तो काही जेवणार नाही, तुम्ही तरी जेवा." हात हलला. पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. चौथ्या खेपेला रेघ आली आणि लाईट गेली.

सकाळी शिपाई घेऊन मामांकडे गेलो. आमच्यात जुना वाद आहे. ते मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, मी डोळे आधी काढतो, म्हणजे सांडलेलं चेहऱ्याच्या रंगाखाली झाकता येतं. मामांनी चष्मा कपाळावर सारला, शिपाई नाकाशी धरला.

"एक डोळा कोल्हापूरकडं, एक बेंगळूरकडं. आपल्यातलाच हाय की हा."

"तुम्ही सरळ करून द्या ना मामा."

पाच फुटी गणपतीची भुवई एका दमात ओढणारा माणूस. माझा ब्रश घेतला, दोन मिनिटं श्वास धरून बसले, आणि न टेकवताच परत दिला. "मुंगीला काजळ घालायला सांगायलास काय? टोपीखाली काळं कर आन् सोड. लांबनं कुणाला दिसतंय?"

पटलं. उरलेल्या एकतीस जणांच्या डोळ्यांवर मी सरळ सावली टाकणार आहे. हा मात्र तसाच ठेवलाय. पुतण्यानं दिवाळीच्या किल्ल्यासाठी त्यालाच मागून घेतलंय. मावळ्यांत हा परदेशी टोपीवाला कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "काका, दरवाज्यावर हाच पाहिजे. ह्याला दोन्हीकडून येणारे दिसतात."